समुपदेशकाच्या टेबलावरचे दोन निकाल

आठवीतल्या मुलांना एनएमएमएस ही परीक्षा ठाऊक असते. कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांची शाळा आठवीनंतर सुटू नये म्हणून केंद्र सरकारने २००८ मध्ये ही शिष्यवृत्ती सुरू केली. आपल्याकडे ती परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. दोन पेपर असतात. पहिला बौद्धिक क्षमता चाचणीचा, ज्याला सगळे ‘मॅट’ म्हणतात. त्यात ९० प्रश्न, ९० मिनिटं. आकृत्यांची मालिका, विसंगत पद, सांकेतिक भाषा, आरशातली प्रतिमा. दुसरा शालेय क्षमता चाचणीचा, म्हणजे ‘सॅट’. त्यातही ९० प्रश्न, पण ३५ विज्ञानाचे, ३५ सामाजिक शास्त्रांचे आणि २० गणिताचे, म्हणजे वर्गात शिकवलं त्यावरचे.

निकाल लागला की घरी आणि शाळेतही बघितलं जातं ते एकच, निवड यादीत नाव आलं का. दोन पेपरचे वेगवेगळे गुण कुणाच्या लक्षातही राहत नाहीत. शाळेत समुपदेशक असेल आणि आपलं काम जाणत असेल, तर त्याचं काम नेमकं तिथून सुरू होतं. समजा, एका मुलाला मॅटमध्ये ६५ आणि सॅटमध्ये ३४ मिळाले, दुसऱ्याला बरोबर उलटे. बेरीज दोघांचीही ९९. यादीत दोघं मागेपुढे असतील. पण या दोन मुलांशी करायचं बोलणं पूर्णपणे वेगळं आहे.

सॅटसारख्या चाचण्या संपादणुकीच्या. शिकवलं त्यातलं किती हाती लागलं, एवढंच त्या मोजतात. घटक चाचणी, सहामाही, दहावीचा बोर्ड, वर्षाच्या सुरुवातीला होणारी पायाभूत चाचणी, देशपातळीवरचं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण (आता ‘परख’) ही सगळी याच कुळातली. मॅट ही अभिक्षमतेकडे झुकणारी. अजून शिकवलेलंच नाही, अशा प्रकारचं काम समोर आलं तर हे मूल ते किती सहज उचलेल, याचा अंदाज ती देते. संपादणुकीची चाचणी मागे बघते, अभिक्षमतेची पुढे. मॅटमध्ये ६५ मिळवणाऱ्या पहिल्या मुलाची क्षमता आहे, पण शाळेतलं काही तरी त्याच्यापर्यंत पोचत नाहीये. दुसरं मूल मेहनतीने, पाठांतराने, कदाचित घरच्या शिस्तीने आपल्या अंदाजापेक्षा पुढे गेलंय. पहिल्याला ‘अभ्यास कर’ सांगून काही होणार नाही, आणि दुसऱ्याला ‘तुला सगळं जमतं’ म्हणून अकरावीला जेईईच्या क्लासमध्ये ढकललं तर त्याचे हाल होऊ शकतात.

अर्थात ही रेघ वाटते तितकी ठळक नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अ‍ॅन अनास्तासी यांनी आग्रहाने मांडलं होतं, की दोन्ही चाचण्या शेवटी विकसित झालेली क्षमताच मोजतात, फरक असतो तो प्रमाणाचा. आपल्याला हे सिद्ध करायला अमेरिकेला जायची गरज नाही. स्कॉलरशिपची परीक्षा घ्या. मूळची चौथी-सातवीची, २०१६-१७ मध्ये ती पाचवी-आठवीची केली गेली होती. तिच्यात बुद्धिमत्ता चाचणीचे ५० प्रश्न असतात, १०० गुणांचे. या प्रश्नांची गाइडं मिळतात, जादा तास होतात, सराव प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे सोडवून घेतले जातात. वर्षभर कालमापन, दिशा आणि नातेसंबंधांची कोडी सोडवलेल्या मुलाचे गुण ‘उपजत बुद्धी’ सांगतात, असं म्हणायला मी तयार नाही. ती त्याची संपादणूक आहे. आणि हे वाईटही नाही. फक्त समुपदेशकाने तो आकडा वाचताना ‘तयारी करून बसलास का?’ हे आधी विचारलेलं बरं.

आकडा काय म्हणतो

व्यक्तीच्या एकाच ‘बुद्ध्यंका’ऐवजी तिच्या वेगवेगळ्या क्षमता सुट्या मोजाव्यात, ही कल्पना शाळांमध्ये रुजली ती डीएटी (डिफरेन्शियल अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट्स) या चाचण्यांच्या संचामुळे. १९४७ मध्ये अमेरिकेत बेनेट, सीशोर आणि वेसमन या तिघांनी तो खास शाळेतल्या मार्गदर्शनासाठी काढला. शाब्दिक तर्क, संख्यात्मक क्षमता, अमूर्त तर्क, अवकाशीय क्षमता, यांत्रिक तर्क, कारकुनी वेग व अचूकता, शुद्धलेखन आणि भाषेचा वापर अशा आठ चाचण्या, आणि आठ वेगवेगळे गुण. भारतात त्याची रूपांतरं झाली, त्याच धर्तीवर इथले संचही तयार झाले. सीबीएसईने एनसीईआरटीबरोबर नववी-दहावीसाठी काढलेली ‘तमन्ना’ याच घराण्यातली आहे. तिच्यात सात विभाग आहेत, पास-नापास नाही, आणि तिच्या जोरावर मुलावर विषय लादू नयेत, असं तिच्याबरोबरच सांगितलेलं आहे.

अशा चाचणीचा निकाल बहुधा पर्सेंटाइलमध्ये येतो, आणि घोळ तिथेच सुरू होतो. सीईटीमुळे हा शब्द घराघरांत पोचलाय, तरी शाळेतल्या निकालपत्रावर ‘५५’ दिसलं की पालकांच्या मनात पंचावन्न टक्केच उमटतात. ‘पंचावन्नच?’ असा चेहरा होतो. वास्तविक ५५ पर्सेंटाइल म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या शंभर मुलांपैकी साधारण पंचावन्न या मुलाच्या बरोबरीला किंवा मागे आहेत. म्हणजे मूल मधल्या घोळक्यात आहे, किंचित पुढच्या बाजूला. त्याने किती प्रश्न बरोबर सोडवले, याबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही.

दुसरी गंमत अशी की पर्सेंटाइलच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. बहुतेक मुलं मध्यावर दाटीने उभी असतात, त्यामुळे तिथे दोन-तीन प्रश्न जास्त सुटले की मूल पन्नासवरून साठवर जातं. टोकाला मात्र गर्दी विरळ. ९० वरून ९८ वर जायला जितका फरक लागतो, तो पन्नास ते साठमधल्या फरकाच्या तिप्पट असतो. म्हणून जुळ्या भावंडांपैकी एकाला ५२ आणि दुसऱ्याला ६० आले, तर ‘हा हुशार, तो जरा कमी’ असं म्हणण्यात काही अर्थ नाही. हा असला घोळ टाळायलाच काही समुपदेशक नऊ पायऱ्यांची श्रेणी वापरतात. तिच्यात ४, ५ आणि ६ या मधल्या तीन पायऱ्यांवरच निम्म्याहून जास्त मुलं असतात, आणि पालकांना ‘मध्यम’ म्हणजे काय हे एका दृष्टिक्षेपात कळतं.

शिवाय कुठलीही चाचणी काटेकोर नसते. त्याच मुलाने आठवड्याने तीच परीक्षा दिली तर गुण थोडे हलतात. झोप झालेली नसते, पंखा बंद असतो, शेजारचा पाय हलवत असतो. चांगल्या चाचणीच्या पुस्तिकेत ही चूक किती, तेही दिलेलं असतं. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुणांचा सरासरीभोवतीचा पसारा, १५ असलेली, बऱ्यापैकी विश्वासार्ह चाचणी घेतली, तरी चार-साडेचार गुणांची हालचाल गृहीत धरावी लागते. म्हणजे १०४ हा आकडा ‘बहुधा १०० ते १०८ च्या मध्ये कुठे तरी’ असा वाचायचा.

आणि ती ‘तुलनेची मुलं’ कोण, हा प्रश्न तर सगळ्यात आधी विचारायला हवा. आपल्याकडे अजूनही वापरात असलेली बिने-कामत बुद्धिमत्ता चाचणी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात धारवाडकडच्या मुलांवर, मराठी आणि कन्नडमध्ये बसवली. त्या काळासाठी ते मोठंच काम होतं. पण आजच्या मुलाची तुलना त्याच्या पणजोबांच्या वर्गाशी केली, तर येणारा आकडा फुगलेला असू शकतो, हे सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नाही. नागपुरात डॉ. आर्थर मालिन यांनी वेश्लरच्या बुद्धिमत्ता चाचणीचं भारतीय मुलांसाठी केलेलं रूप, ज्याला ‘मिसिक’ म्हणतात, तेही १९६० च्या दशकातलं. मराठी मुलांसाठी ताजे, मोठ्या संख्येवर बसवलेले मानदंड, म्हणजे तुलनेचे आकडे, फार थोड्या चाचण्यांना आहेत. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने १९६२ पासून या क्षेत्रात केलेलं काम म्हणूनच मोलाचं वाटतं.

निकालपत्र उघडताना

समजा, नववीतली एक मुलगी आहे. तिला मीनल म्हणू. सेमी इंग्रजीत शिकते, पहिल्या सत्रात ५४ टक्के. अभिक्षमता चाचणीचे तिचे पर्सेंटाइल असे आले: शाब्दिक ३२, संख्यात्मक ५८, अमूर्त ८६, अवकाशीय ९१, यांत्रिक ४४, कारकुनी वेग २७. आई भेटायला आली आहे.

“मॅडम, म्हणजे हिला सायन्स झेपणार नाही ना?”

“ताई, असं काही हा कागद म्हणत नाही. आधी मला सांगा, ही घरी रिकामी असली की काय करत बसते?”

“काय करणार! गणपतीला मखर हिनेच केलं, पुठ्ठ्याचं. मापंबिपं घेऊन. अभ्यास सोडून आठ दिवस तेच.”

समुपदेशक मॅडम ‘अभ्यास सोडून’ हे शब्द सोडून देतात आणि मखराची नोंद करतात. अवकाशीय ९१ या आकड्याला आता घरातला पुरावा मिळाला. सपाट पुठ्ठा बघून तो दुमडल्यावर काय होईल, हे डोक्यात दिसणं, हेच तर त्या विभागात विचारलेलं असतं.

मग त्या उत्तरपत्रिका काढतात. ही पायरी घाईत गाळली जाते, आणि खरी माहिती तिथेच असते. कारकुनी वेगाचा विभाग अगदी थोड्या मिनिटांचा. अक्षर-अंकांच्या जोड्या जुळवायच्या, धडाधड. मीनलने थोडेच प्रश्न सोडवलेत, पण सोडवलेले सगळे बरोबर. शेजारच्या बाकावरच्या मुलाने शेवटपर्यंत धाव घेतली, निम्मे चुकले. चुकांची वजावट झाली तर दोघांचे गुण जवळपास सारखे येतील, पण एकाला सांगायचं ‘थांबून बघ’ आणि दुसरीला ‘इतकं तपासत बसू नकोस’. शाब्दिक विभागात मीनलचा पहिला भाग ठीक आहे, उत्तरार्ध कोरा. तो पेपर इंग्रजीत होता. घरात मराठी, शाळेत गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकी मराठीत, अशा मुलीला इंग्रजीतली शाब्दिक कोडी वेळ लावून घातली, तर त्यातून तर्क मोजला गेला की इंग्रजी वाचनाचा वेग, हे सांगता येत नाही. हा विभाग मराठीतून पुन्हा घेतल्याशिवाय ३२ या आकड्यावर एक वाक्यही बोलू नये, असं मला वाटतं. यांत्रिक ४४ चंही तसंच. कप्पी, गिअर, तरफ यांवरचे प्रश्न ज्याने सायकल उघडून बघितली त्याला सोपे जातात. मुलींच्या हातात पाना किती घरांत दिला जातो? डीएटीमध्ये मुला-मुलींचे मानदंड वेगळे दिले जात, ते उगाच नाही.

आता शाळेचे गुण शेजारी. एकूण ५४ टक्क्यांत काही दिसत नाही, पण गणित भाग एक, बीजगणित, ४० पैकी १७ आणि भाग दोन, भूमिती, ४० पैकी ३१. इतिहासात काठावर पास, लांब उत्तरं अर्धवट. चित्रकलेची एलिमेंटरी दिलेली, इंटरमीजिएट यंदा.

“मग अकरावीला काय घ्यायचं हिने?”

“अकरावी लांब आहे अजून. आधी बीजगणित का अडतंय ते बघू. सर म्हणतात सातवीतल्या समीकरणांपासूनच घोळ आहे.”

इथे संपादणुकीची चाचणी पुन्हा कामाला येते, पण निदानात्मक रूपात: सहावी-सातवीच्या मूळ संकल्पनांवर वीस-पंचवीस प्रश्न, गुणांसाठी नाही, कुठली पायरी निसटली ते शोधण्यासाठी. अमूर्त तर्क ८६ असलेल्या मुलीला समीकरणं ‘समजतच नाहीत’ हे पटण्यासारखं नाही. बहुधा एखादं वर्ष वाया गेलंय. पुढचे रस्तेही मॅडम एकदम ठरवून टाकत नाहीत, वहीत मांडून ठेवतात. आर्किटेक्चर, पण त्याला बारावीत गणित लागतं, म्हणजे बीजगणित दुरुस्त झालंच पाहिजे. दहावीनंतरची पॉलिटेक्निकची पदविका. आयटीआयचा ड्राफ्ट्समन. उपयोजित कला. मीनलने येत्या सुट्टीत एखाद्या आर्किटेक्टच्या ऑफिसात दोन दिवस बसून यावं, असंही त्यात लिहिलेलं असतं.

सगळ्यांत मोठी दरी

कधी कधी दोन निकालांतलं अंतर इतकं असतं, की मार्गदर्शनाच्या गप्पा बाजूला ठेवाव्या लागतात. मूल तोंडी झकास उत्तरं देतं, कोडी सोडवतं, बुद्धिमत्ता सरासरी किंवा वर. आणि वाचन-लेखन मात्र इयत्तेच्या दोन वर्षं मागे. इथे अध्ययन अक्षमतेची शंका घ्यायची. महाराष्ट्र सरकारने १९९६ पासून अशा मुलांना परीक्षेत सवलती दिल्या, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिची स्वतंत्र नोंद झाली. जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर या सवलतींसाठी लागणारा दाखला ठरवून दिलेल्या सरकारी वा महापालिका रुग्णालयांतून मिळतो. शाळेतला समुपदेशक निदान करत नाही, करू नये; शंका वेळेत ओळखून, शाळेचे गुण आणि वह्यांचे नमुने जोडून पुढे पाठवणं हे त्याचं काम. मराठी वाचणाऱ्या मुलाला इंग्रजी स्पेलिंगवरून डिस्लेक्सियाचा शिक्का मारण्याचे प्रकार पूर्वी होत. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये आणलेल्या ‘डाली’ या संचात मराठीची स्वतंत्र चाचणी आहे, त्यामुळे आता मुलाच्या भाषेतच तपासता येतं. हे पालकांना माहीत नसतं, आणि काही शाळांनाही.

संपादणूक आणि अभिक्षमता या दोन्हींत तिसरीही एक गोष्ट मिसळली जाते, ती म्हणजे कल. २०१६ पासून राज्य मंडळाने श्यामची आई फाउंडेशनच्या मदतीने दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली तेव्हा निकालात कला, ललित कला, वाणिज्य, आरोग्य, कृषी, तांत्रिक, गणवेशधारी सेवा असे गट होते. पुढे तिला अभिक्षमतेचीही जोड दिली गेली. कल म्हणजे मुलाला आवडतं काय. जमतं काय, हा प्रश्न वेगळा. गणवेशाची ओढ असलेल्या मुलाला दीड किलोमीटर पळवून बघायला लागतंच, आणि अवकाशीय ९१ असलेल्या मीनलला इमारतींत अजिबात रस नसणंही शक्य आहे. पंधराव्या वर्षीची आवड वर्षभरात बदलते. म्हणून कलचाचणीवर मी सर्वांत कमी भार टाकेन.

हल्ली शाळांत पैसे घेऊन आणखी एक ‘चाचणी’ विकली जाते, बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता आणि करिअर सांगणारी. रंगीत, जाडजूड अहवाल मिळतो, त्यात टक्केवारीही असते. त्याला शास्त्रीय आधार नाही. ठसे गर्भात ठरतात, मुलाला समीकरणं का अडतात हे त्यांना ठाऊक नसतं. त्यापेक्षा पायाभूत चाचणीचा मोफतचा कागद शिक्षकांसोबत बसून वाचला तर जास्त कळेल.

पालक म्हणून शाळेत जाल तेव्हा निकाल घेण्याआधी चार गोष्टी विचारा. चाचणीचं नाव काय, ती कुठल्या भाषेत घेतली, कुठल्या आणि कोणत्या साली तपासलेल्या मुलांशी तुलना केली, आणि घेणारी व्यक्ती मानसशास्त्रात प्रशिक्षित आहे का. निकाल वर्गात वाचून दाखवला जाणार नाही, सूचनाफलकावर लागणार नाही, याची खात्री करून घ्या. आणि चाचणीत काही विचित्र दिसलं, मूल आजारी होतं, पेपर अर्धवट राहिला, भाषा परकी होती, तर ते सांगा आणि पुन्हा घ्यायला सांगा. मात्र तीच चाचणी लगेच नको, मधे निदान काही महिने जाऊ द्या, नाही तर मुलाला प्रश्नच पाठ असतील.